पानाच्या बगलेत बघा!

ऑगस्ट महिना. गोंदिया जिल्ह्यात रोवणी आटोपलेली, बांध्यांमध्ये घोट्याएवढं पाणी, आणि धुऱ्यावर उभं राहिलं की नजर पोचेल तिथपर्यंत धानच धान. सगळी रोपं सारख्या उंचीची, सारख्या हिरव्या रंगाची. आता मी तुम्हाला सांगितलं की यातली काही रोपं धानाची नाहीतच, तर पटेल का?

नाहीतच. धानाचं सोंग घेऊन एक गवत त्यात उभं असतं. कुणी त्याला सावा म्हणतं, शेतीच्या पुस्तकात ते पाखड म्हणून भेटतं. शास्त्रज्ञ त्याला एकायनोक्लोआ म्हणतात. ते धानाच्या शेजारी उगवतं, धानासारखंच ताठ उभं राहतं, तसंच लांबट पान काढतं, आणि धानाला घातलेलं खत-पाणी खाऊन पिऊन मोठं होतं. ओंबी बाहेर पडली की त्याचं बिंग फुटतं, पण तोवर फार उशीर झालेला असतो.

मग निंदणाला आलेल्या मावश्या त्याला कशा ओळखतात? त्यांचा हात इतका सरावलेला असतो की विचारलं तर त्यांनाही नीट सांगता येत नाही. आपण मात्र एक खूण शिकू या. ही खूण एकदा दिसली की पुन्हा कधी विसरत नाही.

धानाचं एक रोप हलकेच धरा. पान खोडाला जिथे बिलगतं तिथपर्यंत बोट न्या, आणि पान थोडं मागे वाकवा. आत बघा. तिथे एक पांढरट, कागदासारखी पातळ जिभली उभी दिसेल, टोकाशी दुभंगलेली. तिच्या दोन्ही बाजूंना विळ्यासारखे वाकलेले दोन इवलेसे कान, आणि त्या कानांवर बारीक केस. भिंग असेल तर डोळ्याला लावा, फार सुंदर दिसतं ते. रोप कोवळं असेल तर कान आणखी स्पष्ट दिसतात. जून पानाचे झडून जातात.

आता सावा धरा. पान तसंच मागे वाकवा. जिभली? नाही. कान? तेही नाहीत. जागा अगदी कोरी.

बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसणारी दोन रोपं, आणि फरक लपलाय तो पानाच्या सांध्यात! अनोळखी झाड दिसलं की आपण काय करतो? पानाचा आकार बघतो, फुलाचा रंग बघतो आणि नाव विचारतो. पण झाडाची खरी ओळख बहुतेक वेळा त्या सांध्यात असते, जिथे पान खोडाला जुळतं. तिथे वाकून बघायला शिकलात, तर अंगणातली निम्मी कोडी तुमची तुम्हालाच सुटतील.

पण हे गवत धानासारखं झालं तरी कसं? त्याला काय आरसा मिळाला होता? याचं उत्तर शोधणाऱ्या माणसाचं नाव निकोलाय वाविलोव्ह. हा रशियन शास्त्रज्ञ जगभर हिंडून पिकांची बियाणी गोळा करायचा. त्याच्या लक्षात आलं की हे काम माणसानेच केलंय, न कळत. विचार करा. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भाताच्या खाचरात वाकून तण काढतंय. जे रोप वेगळं दिसलं ते उपटलं. जे जरा भातासारखं दिसलं ते नजरेतून सुटलं. सुटलं ते वाढलं, त्याला बी धरलं, ते बी पुढच्या वर्षी त्याच चिखलात रुजलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दर निंदणीला वेगळे दिसणारे संपत गेले आणि भातासारखे दिसणारे उरत गेले. 2019 साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी या गवताच्या जनुकांचा अभ्यास केला, तेव्हा यांगत्से नदीच्या खोऱ्यात हे सोंग साधारण हजार वर्षांपूर्वी सुरू झालं असावं, असं त्यांना दिसलं. निंदताना पान मागे वाकवून आत कोण बघतं? म्हणून जिभलीचा फरक तसाच राहून गेला असावा, असं मला वाटतं.

वाविलोव्हने आणखी एक गंमत दाखवली. राय नावाचं धान्य, ज्याची काळी पाव-भाकरी युरोपात आवडीने खातात, ते मुळात गव्हातलं तण होतं. गव्हासारखं होता होता ते इतकं बदललं की शेवटी लोकांनी त्यालाच पेरायला घेतलं.

आता जिभलीची खूण मिळाली म्हणून फार हुरळून जाऊ नका, कारण ती हरते अशीही एक जागा आहे. गोंदियाच्या पूर्वेला लागूनच छत्तीसगड. तिथल्या शेतकऱ्यांना करगा नावाचा त्रास आहे. करगा म्हणजे रानटी वळणाचा धानच. धानच असल्यामुळे त्याला जिभली आहे, कान आहेत, सगळं आहे. आणि पिकण्याआधीच त्याचे दाणे चिखलात गळून पडतात, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हजर. मग ओळखायचं कसं? तिथल्या कृषी शास्त्रज्ञांनी आणि शेतकऱ्यांनी फार छान युक्ती काढली. त्यांनी करगा ओळखायचा नाद सोडला आणि आपला धानच वेगळा दिसेल असा पेरला. जांभळ्या पानांचा! 'श्यामला' नावाचं असं एक वाण आहे. सगळी बांधी जांभळी, आणि त्यात जे हिरवं दिसेल ते बिनदिक्कत उपटायचं.

या करग्याचा जवळचा नातेवाईक आपल्याकडे तलावाच्या काठाला उगवतो. त्याला देवधान म्हणतात. कुणी न पेरता आलेला, म्हणून देवाचा. बांधीतला करगा नकोसा आणि तलावातला देवधान मानाचा. जागा बदलली की झाडाचा मानही बदलतो.

चला, आता बांधीतून अंगणात येऊ. पावसाळ्यात अंगणाच्या कडेला, विटांच्या फटीत भुईआवळा हमखास सापडतो. वीतभर उंचीचं रोप, आणि त्याच्या बाजूच्या फांद्या अगदी चिंचेच्या पानासारख्या. एका काडीला दोन्हीकडे ओळीने बारीक पानं. आता चिंचेची तशीच एक काडी आणा आणि दोन्ही शेजारी ठेवा. मी म्हणेन की चिंचेची ती आख्खी काडी म्हणजे एकच पान आहे, आणि भुईआवळ्याची काडी म्हणजे फांदी, जिच्यावर कितीतरी सुटी पानं आहेत. पटत नाही ना? मग बगलेत बघा. झाडाचा नियम असा की नवी कळी, नवी फांदी किंवा फूल येतं ते पानाच्या बगलेत, म्हणजे पान आणि खोड यांच्या मधल्या कोपऱ्यात. भुईआवळ्याची काडी उलटी करा. प्रत्येक बारक्या पानाच्या बगलेत एकेक हिरवं गोल फळ लटकलेलं दिसेल, ओळीने, मोहरीपेक्षा जरासं मोठं. म्हणजे ती सगळी खरीखुरी पानं आहेत. चिंचेच्या काडीत मात्र बारक्या पानांच्या बगला रिकाम्या. कळी सापडेल ती काडीच्या अगदी बुडाशी, जिथे ती फांदीला जुळते तिथे. म्हणून ती सगळी काडी मिळून एक पान, आणि आपण ज्यांना पानं समजत होतो त्या पर्णिका.

आणि हो, खऱ्या आवळ्याच्या झाडाखाली गेलात तर तिथेही हेच बघा. बगलेत बघितल्यावर कळेल की आवळा आणि भुईआवळा यांचं नातं नुसतं नावापुरतं नाही. दोघेही फायलँथस या एकाच प्रजातीतले, एक झाड आणि एक रोप.

आता तरोटा घ्या. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेने इतका उगवतो की आणायला लांब जायला नको, आणि कोवळ्या पानांची भाजी तर तुमच्या घरीही होत असेल. पश्चिम महाराष्ट्रात याला टाकळा म्हणतात. याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि संध्याकाळ झाली की त्या मिटतात. पण तरोट्यासारखाच दिसणारा त्याचा एक भाऊ आहे, तीन जोड्या, पिवळी फुलं, लांब वाकड्या शेंगा, सगळं तसंच. फरक बघायचा तर पर्णिकांच्या जोड्यांमध्ये, देठावर बघा. तिथे बारीक दाण्यासारखी, उभी, केशरट ग्रंथी दिसते. तरोट्याला खालच्या दोन जोड्यांमध्ये एकेक अशा दोन ग्रंथी. भावाला फक्त सगळ्यात खालच्या जोडीत एकच. या ग्रंथींतून गोड रस पाझरतो. तो प्यायला मुंग्या येतात, आणि पान खायला आलेल्या किड्यांना त्याच मुंग्या हुसकावून लावतात. फुलात मध असतो हे आपल्याला ठाऊक असतं, पण पानाच्या देठावरही मुंग्यांसाठी खाऊ ठेवलेला असतो! भरपूर तरोटा उगवलेल्या जागी बसून ग्रंथी मोजा. दोन्ही भाऊ सापडतात का बघा.

डोळ्यांइतकंच बोटांनाही कळतं. धुऱ्यावरची गवतासारखी एक काडी चिमटीत धरून फिरवा. गुळगुळीत गोल फिरली आणि मध्ये पेरं लागली, तर ते गवत. टोचत, अडखळत फिरली, तीन कडा लागल्या, तर ते गवत नाहीच. तो लव्हाळा किंवा त्याच्या कुळातलं कुणीतरी. चार कडा लागल्या आणि पानं समोरासमोर असली, तर ते झाड तुळशीच्या कुळातलं असण्याची दाट शक्यता. तुळस, पुदिना, सब्जा यांची खोडं चाचपून बघा. रस्त्याकडेला आणि जंगलाच्या वाटेवर दाटीने माजलेली रानतुळसही तशीच चौकोनी. तिच्या उग्र वासाने ती दुरूनच कळते. ती मुळात इथली नव्हे, अमेरिका खंडातली. तिचं वाळलेलं बी पाण्यात टाका, थोड्या वेळाने त्याच्याभोवती सब्ज्यासारखा बुळबुळीत गोळा जमतो. नातं पाण्यातही दिसतं. (फक्त बघायचं. प्यायचं नाही.)

फूल हाती आलं तर आख्खं कुळच उघड होतं. तलावाच्या आणि नाल्याच्या काठाने बेशरम उगवते, फिकट जांभळ्या-गुलाबी कर्ण्यासारख्या फुलांची. कुठेही काडी पडली तरी रुजते, कितीही तोडली तरी फुटते, म्हणून हे नाव. तिचं फूल रताळ्याच्या वेलाच्या फुलाशेजारी ठेवून बघा. तोच कर्णा, तोच रंग, आत खोल गडद होत गेलेला गळा. दोघंही आयपोमिया. एकाचे कंद आपण उपासाला खातो आणि दुसरीचा पाला खाऊन शेळ्या आजारी पडतात. कुळ एक म्हणून गुण एक, असं झाडांत धरून चालत नाही.

बेशरमेचं नाव निघालंच आहे, तर आता आपल्या तलावांकडे जाऊ. गोंदिया-भंडाऱ्याचे तलाव फार जुने. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या ते बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. या तलावांत ढिवर समाजाचे लोक मासेमारी करतात. मधल्या काळात काय झालं, तलावांचे काठ बेशरमेने व्यापले, आतली पाणवनस्पती कमी झाली आणि देशी मासेही कमी झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ढिवरांसोबत कामाला लागले. आणि हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण ते वनस्पती ओळखण्यापासूनच सुरू होतं.

काठावरून बघणाऱ्याला तलावातलं सगळं हिरवं सारखंच वाटतं. 'कचरा झालाय, काढून टाका' असं म्हणायला वेळ लागत नाही. ढिवरांना मात्र माहीत असतं की कुठली वनस्पती तळाशी बुडून वाढते, कुठली पानं पाण्यावर तरंगत ठेवते, कुठली काठाच्या चिखलात अर्धी उभी राहते, आणि कुठला मासा कुणाच्या आडोशाला अंडी घालतो. हे ज्ञान कागदावर नव्हतं, जाळं टाकणाऱ्यांच्या डोक्यात होतं. मग त्यांनी बेशरम उपटली, तलावाच्या काही भागात नांगर फिरवला आणि दुसऱ्या तलावांतून आणून देशी पाणवनस्पती चक्क रोवल्या. धान रोवतात तशा! अर्जुनी मोरगाव तालुक्यात निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर बायकांना सोबत घेऊन हेच काम गावागावांत नेलं.

त्यांनी लावलेल्यांपैकी दोन वनस्पती तुम्हीही ओळखू शकता. ओंजळभर पाणशेवाळ वाटावं असं काहीतरी तलावातून काढा आणि ताटलीत पाणी घेऊन त्यात सोडा. पुन्हा सांध्याकडेच बघायचं आहे. खोडाच्या प्रत्येक पेरावर पानांचं कडं दिसेल. प्रत्येक पान सरळ, साधं, कडेला बारीक दाते असलेलं असेल तर ती हायड्रिला. आणि प्रत्येक पान पुढे जाऊन दुभंगत असेल, गलोलीच्या बेचकीसारखं, तर ते सिराटोफायलम. तलावाच्या काठाला मोठ्या माणसासोबतच जायचं, हे वेगळं सांगायला नको.

आता एक मोठी गोष्ट सांगते. 1951 साली पुण्यात उकिरड्यांवर एक अनोळखी रोप दिसू लागलं. पान गाजरासारखं चिरलेलं, फुलं पांढरी, बारीक, नीट बघितलं तर पाच कोपऱ्यांची. प्राध्यापक परांजपे यांनी ते पहिल्यांदा दाखवून दिलं आणि 1956 साली आर. एस. राव यांनी भारतातली नवी नोंद म्हणून ते छापलं. त्या वेळी ती थोडीशीच, विखुरलेली झुडपं होती. ओळखलंत ना? गाजर गवत! आज ते नाही असं गाव शोधून सापडणार नाही. मला या गोष्टीत सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं. कार्ल लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने 1753 साली वनस्पतींचं एक प्रचंड पुस्तक काढलं आणि प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव दिलं. आपला धान त्यात आहे, चिंच आहे, तरोटा आहे, आणि हे गाजर गवतही आहे! पुण्याच्या उकिरड्यावर अनोळखी ठरलेल्या रोपाचं नाव दोनशे वर्षं आधीच ठेवलेलं होतं. पुढे त्याला खाणारा एक भुंगेरा मेक्सिकोहून आणला आणि 1984 साली बंगळूरजवळ सोडला. पांढरट पाठीवर तपकिरी नागमोडी पट्टे असलेला. पावसाळ्यात गाजर गवताची पानं चाळणीसारखी झालेली दिसली तर जरा थांबून बघा, तो सापडण्याची शक्यता आहे. गवताला हात मात्र लावू नका. बऱ्याच जणांना त्याने अंगावर पुरळ उठतं.

हात लावण्यावरून आठवलं, हे नीट वाचा. ओळख पटलेली नसेल ते झाड तोंडात घालायचं नाही. पान नाही, फळ नाही, बी तर मुळीच नाही. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलांनी खाल्ल्या आणि दवाखान्यात न्यावं लागलं, अशा बातम्या महाराष्ट्रात कितीदा तरी आल्या आहेत. लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण चावली तर जिवावर बेतू शकतं. धोतरा आणि कण्हेर विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. खाजकुयलीच्या शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली की काय होतं, ते मोठ्यांना विचारा. आणि ओळखता ओळखता गवतात उघडा हात घालू नका, पावसाळ्यात तिथे साप असू शकतो. काडीने बाजूला सारा, मग बघा.

मोबाइलमधली अ‍ॅप फोटोवरून नाव सुचवतात. ती वापरा, पण ते नाव म्हणजे अंदाज असतो. नुसत्या एका पानाचा फोटो दिला तर अ‍ॅपही गोंधळतं, आणि गोंधळलं तरी ते ठासूनच सांगतं. आख्खं झाड, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, आणि पानाचा सांधा, असे फोटो काढा. 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'वर तुमचा फोटो जाणकार माणसं बघतात आणि चुकलं असेल तर सांगतात.

फोटोपेक्षाही पक्कं काम म्हणजे वाळवलेला नमुना. फुलासकट एक फांदी घ्या, वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरा. एक पान मुद्दाम उलटं ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. वर जड वह्या ठेवा. पावसाळ्यात कागद रोज बदला, नाही तर बुरशी येते. सोबत चिठ्ठी हवीच. गाव, तारीख, जागा (धुरा, तलावकाठ, परसबाग, जे असेल ते), झाडाची उंची, वास आणि फुलाचा रंग. रंग का लिहायचा? वाळल्यावर तो उडतो म्हणून. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात असेच वाळवलेले नमुने आणि अशाच चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या आहेत. आपल्या राज्याच्या वनस्पतींचे त्यांनी काढलेले जाडजूड ग्रंथही अशा नमुन्यांवरूनच लिहिले गेले. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मात्र पानसुद्धा तोडायचं नाही. तिथे फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं.

आणि विचारायचं! मारुती चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी होते. त्यांनी पुस्तकं भरपूर वाचली, पण जंगल शिकले ते नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून आणि जंगलात राहणाऱ्या माणसांकडून. तुमच्या घरात आजी आहे, गावात गोंड आजोबा आहेत, निंदणाला जाणाऱ्या मावश्या आहेत, तेंदूपत्ता तोडणारे काका आहेत. रोप घेऊन जा आणि 'याचं नाव काय?' एवढंच विचारून थांबू नका. 'तुम्ही हे कशावरून ओळखलंत?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर येतं, दुसऱ्याला अर्धा तास लागतो.

आता तुमच्यासाठी एक कोडं. झाड शोधा, नाव घरच्यांना विचारून वहीत लिहा. जमिनीलगत पसरणारं, केसाळ रोप. पानं समोरासमोर, कडेला मोठे दाते. एका लांबच लांब उभ्या दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं, भोवती फिकट पांढरट पाकळ्या, बहुतेक पाच, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. फूल वाळलं की तिथे केसाळ गोळा तयार होतो, आणि फुंकर मारली की एकेक बी आपली छत्री घेऊन उडून जातं. गोंदियात हे जवळजवळ बाराही महिने सापडतं, शाळेच्या मैदानाच्या कडेलाही. सापडलं की त्या पिवळ्या मध्यभागाला भिंग लावा, कारण आपण ज्याला एक फूल म्हणतोय, त्यात किती फुलं आहेत ते तुम्हाला मोजायचंय.